खाणीलगतची जमीन: धातू मुळाशी अडवणारी झाडे की पानांत साठवणारी?

भंडारा-नागपूरच्या मँगनीज पट्ट्यात ज्यांची धानाची बांधी खाणीच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी आहे, किंवा ज्या ग्रामपंचायतीच्या गायरानाला असा ढिगारा लागून आहे, त्यांना लागवडीपूर्वी एक निवड करावी लागते. धातू मुळाशीच अडवणाऱ्या वनस्पती लावायच्या, की तो जमिनीतून ओढून पानांत साठवणाऱ्या? धातू दोन्ही सहन करतात, मात्र त्यांची रीत परस्परांच्या अगदी उलट आहे.

पहिल्या प्रकारात वाळा येतो. उतारावरचे वाळ्याचे एखादे ठोंब उपटून पाहिले, तर मुळांचा दाट झुबका ढिगाऱ्याची माती घट्ट धरूनच वर येतो; ती माती बोटांत चुरली की तळवा काजळासारखा काळा होतो. धातूचा मोठा भाग या मुळांच्या पेशीभित्तींना चिकटून राहतो, आत शिरलेला बराचसा भाग मुळांच्याच पेशींतील रिक्तिकांमध्ये, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्यांमध्ये, कोंडला जातो आणि पात्यापर्यंत थोडाच पोहोचतो. यामुळे जमीन स्वच्छ होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु धूळ उडणे आणि पावसात माती वाहून जाणे कमी होते. धानाच्या पट्ट्यात याला फार महत्त्व आहे, कारण कोरड्या मातीत जवळजवळ न विरघळणारे मँगनीज डायऑक्साइड पाणी साचलेल्या बांधीत प्राणवायू संपला की जिवाणूंच्या क्रियेने विरघळणाऱ्या रूपात बदलते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज ढिगाऱ्यांवर प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळून उरणारा गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी मायकोरायझा बुरशी यांच्या साहाय्याने झाडे वाढवून दाखवली आहेत. उघड्या मुरमात नुसती रोपे खोचण्यापेक्षा ही वाट मला कितीतरी भरवशाची वाटते.

दुसऱ्या प्रकारच्या वनस्पती खरोखर थक्क करणाऱ्या आहेत. न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिक महासागरातील बेटावरच्या एका झाडाचा चीक निकेलमुळे निळसर-हिरवा असतो आणि वाळवल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेलच भरतो. प्टेरिस व्हिटाटा हा नेचा आर्सेनिक साठवतो, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. अशा वनस्पतींची मुळे धातू न अडवता वर पाठवतात. वाटेत सायट्रिक आम्ल किंवा हिस्टिडीनसारखी अमिनो आम्ले त्याला बांधून ठेवतात आणि अखेरीस तो बहुधा पानाच्या बाह्यत्वचेतील रिक्तिकांत, म्हणजे अन्न तयार करणाऱ्या पेशींपासून दूर, साठवला जातो. कोरड्या पानात किलोमागे 1,000 मिलिग्रॅम निकेल किंवा 10,000 मिलिग्रॅम मँगनीज असेल, तरच वनस्पती या गटात मोडते.

आता हिशेब पाहू. एक एकराच्या वरच्या 15 सेंटीमीटर थरात साधारण 800 टन माती असते. तिच्यातील एखादा धातू किलोमागे 100 मिलिग्रॅमने कमी करायचा, तर 80 किलो धातू बाहेर काढावा लागेल. पिकाचा 2 टन कोरडा पाला निघाला आणि त्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम धातू असला, तर एका पिकातून जेमतेम 200 ग्रॅम धातू निघतो, म्हणजे 400 पिके घ्यावी लागतील. पानांत 10,000 मिलिग्रॅम साठवणारी वनस्पती तितकाच पाला देत असेल, तर 4 पिके पुरतील. पण अशा अनेक वनस्पती लहान चणीच्या आणि संथ वाढणाऱ्या असतात. विदर्भाची चुनखडीयुक्त काळी जमीन विम्लधर्मी (अल्कधर्मी) असल्याने तिच्यातील जस्त, कॅडमियम यांसारखे धातू मुळांना सहज मिळतही नाहीत.

शिवाय कापलेला पाला कुठे ठेवणार? शेळ्या धुऱ्यावरचे काहीही खातात आणि वाळलेल्या काड्या चुलीत जातात. ज्या गावात कुंपण घालून चराई थांबवण्याची आणि पाला सुरक्षित ठिकाणी नेण्याची पक्की व्यवस्था नाही, तेथे दुसरा प्रकार निवडू नये, असे माझे ठाम मत आहे. उतारावर वाळा आणि स्थानिक झाडेच लावावीत. पानांत साठवणाऱ्या वनस्पतींचा विचार फक्त लहान, वरच्या थरापुरत्या दूषित झालेल्या सपाट तुकड्यासाठी करावा.

तत्पूर्वी मातीची वेगळी तपासणी करून घ्यावी. मृदा आरोग्य पत्रिकेत मँगनीज आणि जस्ताचे आकडे असतात, पण ते पिकाला उपलब्ध असलेल्या भागाचे असतात व कमतरता ओळखण्यासाठी काढलेले असतात. शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक तर त्या पत्रिकेत नसतातच. प्रयोगशाळेकडे त्यांच्या एकूण प्रमाणाची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते.