अस्मारातलं इंटरनेट : दहा महिने वापरल्यानंतर

सप्टेंबर 2018 ते जुलै 2019 असे दहा महिने मी पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियात रसायनशास्त्र शिकवत होतो. राहायला राजधानी अस्मारात, कॉलेज शहराबाहेर. परत आल्यापासून तिकडे निघालेले कुणी ना कुणी प्राध्यापक फोन करतात आणि पहिला प्रश्न हाच असतो, "सर, तिकडे नेट कसं आहे?" मी दोन वाक्यांत उत्तर देतो, आणि फोन ठेवल्यावर वाटतं की आपण काहीच सांगितलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. मी बघितलं ते त्या दहा महिन्यांतलं, हे लक्षात ठेवून वाचा.

आधी उपयोगाचं. मोबाईल डेटा ही गोष्ट तिथे नव्हतीच. सिम मिळालं तरी ते बोलायला आणि एसएमएसला. ते सिमही दुकानात जाऊन घेता येत नाही. स्थानिक माणसाला आपल्या भागातल्या कचेरीतून परवानगी आणावी लागते, मला कॉलेजचं पत्र द्यावं लागलं, आणि सिम हातात पडायला तीन आठवडे गेले. एटीएम देशात कुठेच नव्हतं. आपलं बँकेचं कार्ड म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. सगळा व्यवहार रोख नाकफात, म्हणजे तिथल्या चलनात, त्यामुळे ऑनलाइन पैसे भरून काही घ्यायचा प्रश्नच येत नाही. घरच्या विम्याचा हप्ता, मुलीची क्लासची फी, सगळं निघायच्या आधी बायकोच्या खात्यावर लावून जा. मी हे केलं नव्हतं आणि पहिले दोन महिने त्याचा त्रास तिला झाला.

नेट लागतं ते कॅफेत. अस्मारात कॅफेंना तोटा नाही. इटालियन वसाहतीच्या काळात वाढलेलं हे शहर समुद्रसपाटीपासून 2300 मीटरवर आहे, 2017 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, आणि संध्याकाळी हार्नेट अ‍ॅव्हेन्यूवर सगळं गाव मक्कियातो कॉफी प्यायला आणि पाय मोकळे करायला उतरतं. त्यातल्या काही ठिकाणी वायफाय. तासाचं कुपन घ्यायचं, नंबर टाकायचा आणि बसायचं. वर्तुळ फिरत राहतं. पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं मेल उघडायची वाट बघितली, मग शेजारच्या मुलानं स्वतःहून सांगितलं की चित्रं बंद करा, मेलचं साधं पान उघडा. ते केल्यावर उघडलं. त्या दिवसापासून दहा महिने मी सगळं साध्या पानातच वाचलं.

वेगाचे आकडे देत नाही, कारण वेग मोजायचं पानच बहुतेकदा उघडायचं नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो: दोन पानांची पीडीएफ उतरायला एक कॉफी, दहा पानांची म्हणजे अख्खी संध्याकाळ. फोटो पाठवायचा असेल तर आधी लहान करून ठेवायचा. व्हिडिओ विसरायचा. सकाळी सहाला, कॅफे उघडल्या उघडल्या, नेट सगळ्यात बरं असतं. आपल्याकडे तेव्हा साडेआठ झालेले असतात, घरात डबे भरायची गडबड, तरी आमची फोनची वेळ तीच ठरली. संध्याकाळी गर्दी झाली की काही खरं नाही. त्यात वीज जाते. 'मेब्राहती येलेन', म्हणजे दिवे नाहीत, हे मी तिग्रिन्या या तिथल्या भाषेतलं शिकलेलं दुसरं वाक्य. पहिलं 'नेटवर्क येलेन'.

हे सगळं गरिबीमुळे आहे असं पहिल्यांदा वाटतं. मग एक दिवस नकाशा बघताना लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं. मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या समुद्राखालच्या केबली तांबड्या समुद्रातूनच जातात. मुंबई ते मार्से जाणारी आयमेवे ही त्यातलीच एक. म्हणजे मी सांगलीहून लंडनच्या भाच्याला पाठवलेला दिवाळीचा फोटो कदाचित इरिट्रियाच्या मसावा बंदरासमोरून जात असेल. इरिट्रियाला हजार किलोमीटरहून लांब किनारा आहे आणि एवढ्या केबलींपैकी एकही तिथे किनाऱ्याला लावलेली नव्हती. देशात इंटरनेट पोचलं तेच नोव्हेंबर 2000 मध्ये, आफ्रिकेत सगळ्यात शेवटी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा 2017 चा अंदाज होता की इथले जेमतेम सव्वा टक्का लोक नेट वापरतात. दूरसंचार कंपनीही देशात एकच आणि ती सरकारची. 1993 पासून राष्ट्राध्यक्ष एकच आहेत, देशपातळीवरची निवडणूक झालेली नाही, आणि सप्टेंबर 2001 मध्ये सगळी खासगी वर्तमानपत्रं एकदम बंद करून पत्रकारांना तुरुंगात टाकलं, त्यातले बरेच जण पुन्हा लोकांना दिसले नाहीत. केबल किनाऱ्याला लावायची की नाही हे ज्यांच्या हातात आहे, त्यांना ती नसल्यानं काही अडत नाही. माझं मत विचाराल तर तिथलं नेट हळू आहे याचं खरं कारण हे.

बोलायला तिथे सगळे 'इमो' हे फोनवरचं अ‍ॅप वापरतात. घरी बायकोच्या, आईच्या, सगळ्यांच्या फोनवर निघायच्या आधी इमो घालून ठेवा. कमी नेटवर आवाज त्यावरच तग धरतो. कॅफेत बसलं की आजूबाजूला तेच चाललेलं असतं. कुणाचा भाऊ जर्मनीत, कुणाची बहीण स्वीडनमध्ये, कुणाचा मुलगा इस्रायलमध्ये. लष्करी सेवा कागदावर अठरा महिन्यांची, प्रत्यक्षात तिला शेवट नाही. बारावीचं वर्षही सगळ्या मुलांना सावा इथल्या लष्करी तळावरच काढावं लागतं. त्यामुळे तरुण पोरं सीमा ओलांडून जातात, आणि मागे राहिलेल्या आया रोज संध्याकाळी या कॅफेत येऊन फोनच्या पडद्याला हात लावतात.

त्या आयांकडून मी जे शिकलो ते मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

त्या बोलतात काय? तब्येत बरी आहे. पाऊस झाला. अमकीचं लग्न ठरलं. जेवलास का? अर्धा तास हेच, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा वाटलं भाषा न कळल्यामुळे मला तेवढंच समजतंय. मग एका सहकाऱ्यानं समजावलं की नाही, तेवढंच बोलतात. पगार किती, कोण कुठे पळून गेलं, कुणाला पकडून नेलं, दळण किती महागलं, यातलं काहीही फोनवर येत नाही. कुणी ऐकतंय की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. ठाऊक नसणं पुरेसं असतं.

डिसेंबरात माझ्या लक्षात आलं की मीही तसाच बोलायला लागलोय. आई विचारायची, "तिथली माणसं कशी आहेत रे?" आणि मी सांगायचो, "चांगली आहेत, हवा थंड आहे." मला कुणी धमकावलं नव्हतं. मी परदेशी, करारावर आलेला मास्तर, मला काय होणार होतं? फार तर घरी पाठवलं असतं. तरी जीभ आपोआप आखडायची. बायको एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही आजकाल काहीच सांगत नाही." मला रडू आलं, आणि तेही मी तिला सांगितलं नाही. वेग, दर, कुपन यांची सवय होते. याची सवय झाली हे मला अजून सहन होत नाही. परत येऊन इतके दिवस झाले तरी फोनवर बोलताना कधी कधी मी मध्येच गप्प होतो.

मे 2019 मध्ये आणखी एक गोष्ट झाली. 24 मे हा त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्याच्या आधी दहा-एक दिवस फेसबुक आणि बाकी सोशल मीडिया उघडेनासा झाला. त्या वर्षी परदेशातल्या इरिट्रियन लोकांनी 'यिआक्ल' म्हणजे 'पुरे झालं' असं म्हणत व्हिडिओ टाकायची मोहीम चालवली होती. कारण कुणी जाहीर केलं नाही, कॅफेत कुणी मोठ्यानं विचारलंही नाही. माहितीमंत्र्यांचं ट्विटर मात्र चालू होतं. म्हणजे देशाचं ऑनलाइन अस्तित्व हे असं: बाहेर सरकारची पानं, बाहेर विरोधकांची पानं, दोघांची जुंपलेली, आणि आत राहणाऱ्या माणसाला यातलं काही दिसत नाही, बोलायचं तर लांबच.

लोकांनी मग व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवून पानं उघडून देणारी अ‍ॅपं, वापरायला सुरुवात केली. त्यातलं सायफन सगळ्यांच्या तोंडी. एक बंद पडलं की दुसरं, म्हणून पोरं फोनवर तीन-तीन ठेवायची. चालतं, पण आधीच कणाकणानं येणारं नेट त्यातून आणखी अर्धं होतं. जाणार असाल तर सायफन इथूनच टाकून न्या.

8 जूनला दुपारी एकला दहावीचा निकाल होता. माझी मुलगी बसली होती. तिथे सकाळचे साडेदहा. मी दोन तासांची कुपनं घेऊन नऊपासून बसलो. निकालाचं पान उघडलं नाही. बायकोनं गुणपत्रिकेचा फोटो पाठवला, तो चौकोन राखाडीच राहिला. मग वीज गेली. कॅफेच्या मालकिणीनं माझ्याकडे बघितलं, काही न विचारता समोर आलं घातलेला चहा ठेवला आणि जनरेटर लावायला मागे गेली. पंधरा-वीस मिनिटांनी नेट आलं तेव्हा बायकोचा एक शब्द पोचला होता: "89.40". मी मालकिणीला बोटांनी करून दाखवलं. तिनं मला कॉफीचे पैसे देऊ दिले नाहीत. बाजूच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांनी उठून हात मिळवला. एवढ्या लोकांनी एकत्र मिळून बघितलेला निकाल आमच्या घरात आजवर कुणाचाच नाही.

याच मालकिणीनं मला जुलै 2018 ची गोष्ट सांगितली होती. शेजारच्या इथिओपियाशी शांततेचा करार झाला आणि युद्धापासून वीस वर्षं तुटलेल्या फोनलाइन एका दिवसात जोडल्या गेल्या. तिकडची अनोळखी माणसं मनाला येईल तो +291 चा, म्हणजे इरिट्रियातला, नंबर फिरवायची आणि कुणीही उचलला की नुसतं 'सलाम' म्हणायची. तिलाही असाच एक फोन आला. कोण होतं माहीत नाही, पंधरा मिनिटं बोलत होते दोघं. हे सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

आता विद्यार्थ्यांबद्दल. वर्ग इंग्रजीतून, मुलं जीव तोडून अभ्यास करणारी. ग्रंथालयातली पुस्तकं जुनी. पहिल्या महिन्यात एका मुलानं मला वहीचं पान दिलं. त्यावर सुवाच्य अक्षरात अकरा शोधनिबंधांची शीर्षकं, एखाद्या जुन्या निबंधाच्या संदर्भसूचीतून उतरवलेली. "सर, तुम्ही भारतात कुणाला सांगू शकाल?" मी यादीचा मजकूर मेलनं सांगलीच्या एका मित्राला पाठवला. त्यानं सगळं उतरवून पेनड्राइव्हवर घातलं, पुण्याहून येणाऱ्या एका प्राध्यापकाच्या हाती दिलं, आणि सात आठवड्यांनी ते दुबईमार्गे अस्मारात पोचलं. आपल्याकडे पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर सांगावा धाडायचे ना, अगदी तसं. आजी सांगायची की तिच्या माहेरी सांगावा पोचायला चार दिवस लागायचे. मला तिची फार आठवण आली.

नंतर याद्या वाढल्या. जाताना मी किविक्सवर, म्हणजे नेटशिवाय विकिपीडिया वाचता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया घेऊन गेलो होतो, तो प्रयोगशाळेतल्या दोन संगणकांवर घातला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या दोन संगणकांभोवती जी गर्दी व्हायची ती मी जन्मात विसरणार नाही. एक मुलगी रोज एकच पान वाचायची आणि सगळं वहीत उतरवून घ्यायची. मी म्हटलं, पेनड्राइव्हवर घे की. म्हणाली, "संगणक इथेच राहणार, वही माझ्याबरोबर येईल." पुढे सरकार नेमणूक कुठे करेल आणि तिथे काय असेल हे तिच्या हातात नव्हतं.

तेव्हा जाणार असाल तर हे न्या: मोठी हार्ड डिस्क, किविक्स, तुमच्या विषयाची पुस्तकं, चार-पाच रिकामे पेनड्राइव्ह वाटायला. अभ्यासाचं न्या, राजकारणाचं काही नेऊ नका. तुमचं काही बिघडणार नाही कदाचित, पण ते ज्याच्याकडे सापडेल त्याचं बिघडेल. विद्यार्थ्यांचे फोटो नावानिशी कुठेही टाकू नका, परत आल्यावरसुद्धा नाही. मी अजून एकही टाकलेला नाही.

अकरा शीर्षकांची यादी देणाऱ्या त्या मुलाशी माझा संपर्क आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्याचा इमोवर निरोप येतो. मागच्या आठवड्यात आला: "सलाम मेमहिर (म्हणजे सर). मी बरा आहे. इथे पाऊस चांगला झाला." तो कुठे आहे, काय काम करतो, ते निबंध त्याला कधी उपयोगी पडले का, मला खूप विचारायचं असतं. मी लिहिलं: "आम्हीही सगळे बरे आहोत. कृष्णेला पाणी आलंय."