बीपी घरी मोजायचा की उपकेंद्रात?

मुलगा पुण्याला, आईवडील गावात. वडिलांना बीपीची गोळी सुरू झाली की मुलगा फोनवर विचारतो, मशीन घेऊन पाठवू का? पाठवावं, पण आकडे वहीत लिहिणारं आणि ती वही सिस्टरला दाखवणारं कोणी घरात असेल तरच. नसेल तर महिन्याला उपकेंद्रात जाणंच बरं.

उपकेंद्रात तपासणी फुकट, गोळ्याही फुकट. सीएचओ मॅडम, म्हणजे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, बीपी घेतात, तारीख चुकली की आशाताई दारात येते. वर्धा आणि भंडारा हे जिल्हे तर उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या टप्प्यापासून आहेत. अडचण येते ती हंगामात. सोयाबीनची सोंगणी किंवा कापूस वेचणी सुरू असताना उपकेंद्रात जायचं म्हणजे रोजी बुडते. आणि गेलं तरी हाती लागतो एकच आकडा, तोही उन्हातून चालत जाऊन घेतलेला.

घरच्या मशीनचा मोठा फायदा इथेच आहे. काहींचा बीपी फक्त डॉक्टरांसमोर वाढतो, काहींचा दवाखान्यात चांगला आणि घरी जास्त असतो. दोन्ही गोष्टी घरीच कळतात. मात्र दवाखान्यात १४०/९० ही मर्यादा धरतात, तर घरच्या सरासरीला १३५/८५. हे ठाऊक नसेल तर घरी वरचा आकडा १३८ आला म्हणून माणूस निश्चिंत राहतो.

आता मोजायची रीत, कारण सगळं बिघडतं ते इथे. बाबा वावरातून येतात, खाटेच्या काठावर पाय लोंबकळत बसतात, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, सून चहा आणते आणि नातू बाहीवरूनच पट्टा गुंडाळतो. तो आकडा वहीत लिहूच नका. खर्रा, चहा, मेहनतीचं काम यानंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन यावं. भिंतीला लावलेल्या खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. दंड उघडा आणि छातीच्या उंचीवर हवा, हाताखाली उशी घेतली तरी चालते. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दर तासाला मोजून जीव घाबरा करून घेण्यात काही अर्थ नाही.

मशीन दंडावरचंच घ्या. मनगटावरचं स्वस्त दिसतं, पण हात जरा खाली-वर झाला की आकडा बदलतो. पट्ट्याचं माप मात्र पाहाच. आपल्याकडे कष्टाने वाळलेले दंड पुष्कळ असतात, आणि बारीक दंडाला मोठा पट्टा लावला तर बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतो. दंडाचा मध्यभाग टेपने मोजून दुकानदाराला सांगा. नाडीचे ठोके अनियमित असतील तर अशा मशीनवर भिस्त ठेवू नका, डॉक्टरांकडूनच मोजून घ्या.

नुसतं घरी मोजल्याने बीपी फारसा उतरत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. आकडे पाहून कोणीतरी गोळी कमी-जास्त करतं, समजावतं, तेव्हा फरक पडतो. म्हणून घरी मशीन असलं तरी उपकेंद्र सुटू नये.

एक धोका मशीनमुळेच वाढतो. आकडा चांगला आला की गोळी बंद! अहो, तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. वैशाखात उन्हाने बीपी खाली येऊ शकतो, उठताना चक्कर येते. तेव्हाही गोळी आपल्या मनाने सोडू नका, वही घेऊन सिस्टरकडे जा. निंदणानंतर कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बीपी वाढवतात, त्यांचीही नोंद वहीत असू द्या.

आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि त्रास काही नसेल, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तितकाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पण छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एक हात-पाय लुळा पडला असेल, तर मशीन बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा, मग आकडा कितीही असो.