'ब्रिंग इट ऑन' : सात भाग, आठ महिन्यांचं पारायण

लेकीची शाळेच्या चिअरलीडिंग टीममध्ये (सामन्यांत घोषणा, नाच आणि कसरतींनी जोश भरणारी टीम) निवड झाली आणि त्याच आठवड्यात घरात याच विषयावरची 'ब्रिंग इट ऑन' ही चित्रपटमालिका सुरू झाली. टेक्सासात राहून हे चुकणार नव्हतंच. मी हौसेने सातही भाग विकत घेऊन टाकले. त्याला आता आठ महिने झाले. पहिला भाग वीसेक वेळा तरी कानावरून गेला असेल. भांडी घासताना पुढचा संवाद आधी माझ्या तोंडून येतो.

पैसे पहिल्या भागातच वसूल झाले, हे आधीच सांगतो. २००० सालचा, पेटन रीडने दिग्दर्शित केलेला. सॅन दिएगोतल्या सुखवस्तू शाळेच्या टोरोज टीमची नवी कॅप्टन टॉरन्स (कर्स्टन डन्स्ट) हिला कळतं, की आपण ज्या रूटीन्सवर (बसवलेल्या नाच-कसरतींवर) राष्ट्रीय स्पर्धा जिंकत आलो, ती आधीच्या कॅप्टनने लॉस एंजेलिसजवळच्या ईस्ट कॉम्प्टनच्या कृष्णवर्णीय मुलींची चोरली होती. मला वाटलं, आता पश्चात्ताप, दोन अश्रू आणि शेवटी करंडक हिलाच. पण करंडक ईस्ट कॉम्प्टनच्या क्लोव्हर्सना मिळतो, टॉरन्स दुसरी येते. त्याआधी ती वडिलांच्या कंपनीचा चेक घेऊन क्लोव्हर्सकडे जाते, तेव्हा त्यांची कॅप्टन आयसिस (गॅब्रिएल युनियन) तो फाडून टाकते. दया नको, पूर्ण ताकदीने खेळ, एवढंच तिचं म्हणणं. हा प्रसंग विसाव्यांदाही शिळा वाटत नाही. शब्दाविना चालणारा दात घासण्याचा प्रसंगही तसाच, आम्ही तो कधीच पुढे पळवत नाही.

मी तरुणपणी ठाण्यात गोविंदा पथकात दुसऱ्या थरावर असायचो, त्यामुळे माझी नजर वर जातच नाही, खालच्यांवरच राहते. इथे वरच्या मुलीला फ्लायर म्हणतात, खालच्यांना बेस, मागून आधार देणारीला बॅकस्पॉट. माझी लेक बेस. आपल्याकडे वरचा पोरगा खांद्यांवरून चढतो. इथे पोरीला चक्क उडवतात आणि झेलतात. या उडवण्याला बास्केट टॉस म्हणतात. त्यात दोघी बेस मनगटं एकमेकींत गुंफतात, फ्लायर त्यावर पाय ठेवते, आणि खाली येताना तिघी मिळून तिला कवेत घेतात. चित्रपटात एक मुलगी सरावात पडते, तिचा पाय मोडतो आणि लगेच तिच्या जागी कोण, याची गमतीदार चाचणी सुरू होते. तिला झेलायला ज्या खाली उभ्या होत्या, त्यांना त्या रात्री झोप लागली का, हे कोणी विचारत नाही. ज्याच्या हातून कोणी सुटलंय, त्याला हे खटकतंच.

भाषेबद्दलही इशारा देतो. समलिंगी मुलांवरचे टोमणे आज ऐकवत नाहीत. बारा-तेराच्या पोरांना एकटं बसवू नका, मला दोनदा थांबवून बोलावं लागलं.

बाकीचे? २००४ चा दुसरा कॉलेजात घडतो, एकदाच पाहिला. तिसऱ्यात (२००६) नायिका हेडन पॅनेटियर श्रीमंत शाळेतून साध्या वस्तीतल्या शाळेत जाते, पाचव्यात (२००९) साध्या वस्तीतली, ईस्ट लॉस एंजेलिसची मुलगी श्रीमंत मालिबूत येते. एकच साडी, दोन्ही बाजूंनी नेसलेली. तरी तिसरा चालून जातो, गायिका सोलांज नोल्स आहे आणि गायिका रिहानाही डोकावते. चौथा आणि सहावा मी इस्त्री करताना पाहिले, फार काही हुकलं नाही. २०२२ चा सातवा तर थेट मुखवटेधारी खुन्याचा भयपट! लेकीला भीती वाटली नाही, मला पैशांची वाटली.

तर विकत घ्यायचा तो पहिलाच, फार तर तिसरा.

परवा अंतिम स्पर्धेच्या प्रसंगात लेकीने पॉज केलं आणि कोपऱ्यातल्या एका बेसकडे बोट दाखवलं. "बाबा, हिचे गुडघे बघ. सगळा जोर मांड्यांतून लावलाय, कंबर वाकलीच नाही." मला हे ठाण्यात कोणी सांगितलंच नव्हतं. कंबर अजून दुखते.