जेरोनिमो गुलाबी पडला: अपाची पोर्ट्रेटच्या प्रिंटचा उन्हाळ्यानंतरचा अनुभव

प्रिंट आली तेव्हा पाच स्टार दिले होते. आता दोन करतोय, तेही जेरोनिमोकडे बघून. विकणाऱ्याकडे बघून एकही दिला नसता.

जेरोनिमो म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासी अपाचींचा लढवय्या नेता. फोटोग्राफर एडवर्ड कर्टिसनं काढलेलं त्याचं 1905 चं हे पोर्ट्रेट बहुतेकांनी पाहिलेलं असतं. डोक्याला फडकं, अंगावर ब्लँकेट, घट्ट मिटलेले ओठ. कर्टिसच्या छापील प्रती तपकिरी शाईतल्या फोटोग्रॅव्हर (कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेले फोटो), आणि खरी मजा गालावरच्या सुरकुत्यांत. सुरुवातीला त्या छान उठून दिसायच्या. पण आमचं ॲरिझोनातल्या फिनिक्सचं ऊन! हॉलच्या भिंतीवर दुपारी तिरीप येते. उन्हाळा सरेपर्यंत म्हातारा चक्क गुलाबी झाला, जुन्या लग्नाच्या अल्बममधल्या काकांसारखा.

तक्रार केली तर उत्तर आलं, सेपिया (जुन्या फोटोंचा तपकिरी रंग) असाच दिसतो. मग फ्रेम उघडली. माउंटखाली (फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) दबलेली बोटभर पट्टी अजून गडद तपकिरी, आणि माउंट संपतो तिथून रेघ मारल्यासारखा गुलाबी रंग सुरू. तो फोटो पाठवल्यावर सेपिया गेला आणि ‘रिटर्नची मुदत संपली’ आलं. जाहिरातीत ‘म्युझियम क्वालिटी’ ठळक. शाई डायची (उन्हात लवकर उडणारी) की पिगमेंटची (जास्त टिकणारी), हे कुठेच नाही. घेणार असाल तर आधी तेवढं विचारा. कागद किती जीएसएमचा, म्हणजे किती वजनाचा, ते नंतर.

त्याच दुकानातला अल्चिसे मात्र जसाच्या तसा आहे, कारण पॅसेजमध्ये ऊन नाही. (हाही अपाचीच, पण जेरोनिमोच्या मागावर असलेल्या अमेरिकन सैन्याच्या जनरल क्रूकचा स्काउट, म्हणजे वाटाड्या. दोघांना एका भिंतीवर लावलेलं नाही.)

शेवटी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून स्कॅन फुकटात उतरवला आणि कॉटन कागदावर पिगमेंट शाईत छापून घेतला. खर्च पहिल्याच्या निम्म्याहून कमी. चिडचिड झाली ती इथे.

स्कॅन शोधतानाच सी. एस. फ्लाय या दुसऱ्या फोटोग्राफरचे जेरोनिमोचे फोटो हाती लागले, आणि माझं मतच फिरलं. मार्च 1886, मेक्सिकोच्या सोनोरातली कॅन्यन दे लोस एम्बुदोस ही दरी, क्रूकशी बोलणी चाललेली. जेरोनिमो आणि साथीदार बंदुका घेऊन ओळीत उभे. शरणागती त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधली. कर्टिसपुढे बसला तेव्हा तो 18 वर्षांहून जास्त काळ युद्धकैदी होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या शपथविधीच्या मिरवणुकीत मिरवायला आणलेला. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलला, हा फोटो. 1909 मध्ये ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल या लष्करी तळावर वारला, तेव्हाही कैदीच.

कर्टिसचा प्रकाश लाजवाब, वादच नाही. फ्लायच्या फोटोत चेहरे बारीक, मागे नुसतं माळरान. तरी हॉलमध्ये आता फ्लायच आहे. जुनी फ्रेम भक्कम लाकडाची निघाली. तीच आडवी करून त्यात बसवला, नव्या फ्रेमचे पैसे वाचले.