हंटर व्हॅलीची सेमिलॉन: काही महिने पिऊन झाल्यावर

ही वाइन पहिल्याच घोटाला आवडेल, असं मी सांगणार नाही. ताजी बाटली उघडली की रंग जवळजवळ पाण्यासारखा, वास लिंबाच्या सालीचा, अंगाने हलकी आणि दात आंबतील इतकी आंबट. तरीही गेले काही महिने सिडनीत ती नेमाने घरी आणतोय, नवी आणि जुनी दोन्ही, आणि आता माझ्या लेखी पांढऱ्या वाइनमध्ये तिच्या तोडीचं फार थोडं आहे.

सेमिलॉन हे द्राक्ष मूळ फ्रान्समधल्या बोर्दोचं. तिकडे ते बहुतेक सॉव्हिन्याँ ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या द्राक्षात मिसळतात, नाहीतर त्याची गोड वाइन करतात. सिडनीच्या उत्तरेकडच्या हंटर व्हॅलीत ते एकटंच, तेही कोरडं, म्हणजे गोडवा न ठेवता. इथला उन्हाळा दमट आणि ऐन तोडणीच्या तोंडावर पाऊस, त्यामुळे जानेवारीच्या अखेरीपासूनच घड उतरवायला लागतात. साखर कमी म्हणून अल्कोहोलही जेमतेम १० ते ११.५ टक्के, आम्ल मात्र भरपूर. रस स्टीलच्या टाक्यांत थंड ठेवून आंबवतात आणि काही महिन्यांतच बाटलीत भरतात. नव्या ओक पिंपांची चव तिला सहसा लागू देत नाहीत.

आणि तरीही जुन्या बाटलीत लोणी लावलेल्या टोस्टचा वास येतो! टिरेल्सची 'व्हॅट १' जुनी करून प्यायलो तेव्हा हे पटलं. हंटरमधल्या पोकोल्बिनच्या या वाइन करणाऱ्या घराण्याची सुरुवात १८५८ ची, ही वाइन १९६३ पासूनची, आणि आजही साधारण पाच वर्षं स्वतःकडे मुरवून मगच ते ती विकायला काढतात. रंग सोनेरी झालेला, मध, टोस्ट, आणि खाली तोच लिंबाचा कणा. हे सगळं फक्त बाटलीतल्या वर्षांनी केलेलं.

जेवणात ताजी सेमिलॉन सिडनी रॉक ऑयस्टरबरोबर इथले लोक पितात, ते योग्यच. पण माझ्या घरी ती सर्वांत जमली रव्यात तळलेल्या सुरमईशी. तेलकटपणा एका घोटात साफ. तिसऱ्यांच्या सुक्याशीही छान, ओलं खोबरं असलं तरी. लसणाच्या ठेच्यापुढे मात्र जुनी बाटली उघडू नका, सगळा मध वाया जातो. जुनी वाइन फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवावी, फार गार असली तर वासच उठत नाही.

साठवायची असेल तर थंड, अंधारी जागा हवी. सिडनीच्या उन्हाळ्यात तापणारा फ्लॅट तिला मानवणार नाही. अशी सोय नसेल तर सरळ मुरलेली बाटली विकत घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात.