तरवड, वीस महिने: झाडाला पाच तारे, ताटलीला शून्य

तरवडावर, म्हणजे पिवळ्या फुलांच्या या रानझुडपावर, लिहायचं मनात नव्हतं. पण परवा नर्सरीत गेलो आणि पुन्हा तेच कानावर आलं, "साहेब, बादलीखाली ताटली ठेवाच, साठ रुपयांत पाणी कुठं जात नाही." तिथंच तर घोळ आहे. पाणी कुठंच जात नाही.

मागच्या वर्षी जानेवारीत बार्शीला आत्याकडे गेलो होतो. रस्त्याच्या कडेला तरवडाला वाळक्या शेंगा लागल्या होत्या, मूठभर खिशात टाकल्या. फुकट. घरी आल्यावर दहा बिया पॉलिश पेपरवर घासल्या, कारण सालपट टणक असतं, आणि रात्रभर गरम पाण्यात ठेवल्या. चार उगवल्या, दोन ठेवल्या. सोटमूळ खोल जातं आणि नंतर हलवलेलं त्याला चालत नाही, म्हणून रंगाऱ्यांनी टाकून दिलेल्या वीस लिटरच्या दोन बादल्या घेऊन तापलेल्या सळईने तळाला भोकं पाडली. इथवर खर्च शून्य. मग नर्सरीतून कोकोपीट, माती, ताटल्या घेतल्या आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला झाला.

आमची बाल्कनी खारघरला सातव्या मजल्यावर, पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये दुपारी लादीवर पाय ठेवता येत नाही. मोगरा तिथं माना टाकतो. तरवडाला चार दिवसांनी तांब्याभर पाणी पुरलं. मे महिन्यात मी घरच्या ग्रुपवर "दहापैकी दहा" लिहून मोकळा झालो. शेजारचे काका मात्र पानं बघून म्हणाले, "हा टाकळा आहे, भाजी करा." घराणं एकच, त्यामुळे काकांना माफ.

जुलैत एक रोप पिवळं पडलं. मी खारघरच्या पावसावर खापर फोडलं: देशावरचं झाड, इथलं त्याला कसं मानवणार? बादली भिंतीकडे सरकवली, पण ताटलीसकट! ऑगस्टमध्ये ते गेलं. उपटलं तर मूळ काळं, कुजका वास, आणि ताटलीत तीन बोटं पाणी, त्यात डासांच्या अळ्या वळवळतायत. आत्या फोनवर म्हणाली, "अरे, तरवडाला कुणी पाण्यात बसवतं का?" म्हणजे दोष पावसाचा नव्हता. बार्शीतही पाऊस पडतो, फक्त तो खाली निघून जातो.

उरलेल्या झाडाची ताटली काढली, तर सहाव्या मजल्याच्या वाळत घातलेल्या चादरीवर लाल पाणी. सोसायटीत लेखी तक्रार. आता ताटलीत दोन विटा, विटांवर बादली, आणि पावसाळाभर रोज सकाळी स्पंजने ताटली कोरडी करायची. ताटलीला कडेला एक तोटी दिली असती तर बनवणाऱ्याचं काय गेलं असतं?

यंदा जूनमध्ये हिरव्या अळ्यांनी निम्मी पानं फस्त केली. नीमतेलाची बाटली आणलीही होती, ती तशीच सीलबंद पडून आहे, कारण फवारणार त्याच सकाळी ग्रिलवर त्याच अळ्यांची झालेली फिकट पिवळसर-पांढरी फुलपाखरं दिसली. पानं पंधरा दिवसांत परत आली.

सप्टेंबरात पहिली फुलं आली. हळदीसारखी पिवळी, तुऱ्याने. सातव्या मजल्यावर कोण येणार असं वाटलं होतं, पण सकाळी काळा भुंगा येतो. या फुलात मध नसतो; भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि पुंकेसराच्या टोकाच्या भोकातून पराग बाहेर पडतात. चहा गार होईस्तोवर मी ते बघत उभा असतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी बेल वाजली. सहाव्या मजल्याच्या वहिनी, मूळच्या वरंगळच्या. मी मनातल्या मनात चादरीचं उत्तर जुळवत दार उघडलं. त्या म्हणाल्या, "तंगेडू आहे ना तुमच्याकडे? आज बतुकम्मा बसते." तंगेडू म्हणजे तेलुगूत तरवड, तेलंगणाचं राज्यफूल; बतुकम्मा हा तिकडचा फुलांचा सण, त्यातला फुलांचा थर रचायला ते लागतंच. झाडावर फुलं होती तेवीस, आणि आत्याने घटाच्या माळेसाठी बजावून ठेवलेलं. बारा त्यांना दिली, अकराची माळ झाली. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "ताटली लावली आहे ना?"

तक्रार अजून मागे घेतलेली नाही.