वेर्कोरच्या चुनखडीवरच्या तीन वाटा: किलोमीटर नंतर, आधी पाणी

फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात राहायला आल्यापासून हा माझा चौथा उन्हाळा, आणि चारही उन्हाळे मी वेर्कोरच्या उंच पठारावर पळत आलेय. नव्याने ट्रेल रनिंग, म्हणजे डोंगरातल्या पायवाटांवरून पळणं, सुरू केलेली ओळखीची माणसं विचारतात, तिथले रूट कसे आहेत, किती किलोमीटरचे आहेत. माझं उत्तर दरवेळी एकच असतं. किलोमीटर नंतर बघू, पाणी किती नेणार ते आधी सांगा.

थोडी जागेची ओळख करून देते. वेर्कोर म्हणजे ग्रेनोबलच्या नैर्ऋत्येला पसरलेला चुनखडीचा डोंगराळ मुलूख. त्यातली 'ओ-प्लातो', म्हणजे उंच पठारं, १९८५ साली राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाली. जवळपास १७,००० हेक्टर जागा, आणि आत कायमची वस्ती नाही. उन्हाळ्यात मेंढपाळ आणि त्यांचे कळप वर येतात, एरवी पाईनची खुरटी झाडं, गवत आणि दगड. कुत्रा न्यायला बंदी आहे, साखळीला बांधूनसुद्धा. आग पेटवायलाही बंदी. दोन्ही नियम मला मनापासून पटतात, कारण ही जागा आज जशी आहे ती त्यांच्यामुळेच.

सह्याद्रीत हिंडलेल्यांना कातळात खोदलेल्या टाक्यांची सवय असते. बेसाल्ट पाणी धरून ठेवतो. इथला दगड पाणी पितो. पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी चुनखडीला विरघळवत जातं, भेगा रुंदावतात, आणि पठारावर पडलेला थेंब वाहायच्या आत खाली नाहीसा होतो. तो पुन्हा दिसतो तो थेट बूर्न नदीच्या घळीसारख्या खालच्या दऱ्यांत, कड्याच्या बुडाशी फुटणाऱ्या मोठमोठ्या झऱ्यांत. याच वेर्कोरमधल्या बेर्जे गुहेत १९५६ साली माणूस पहिल्यांदा हजार मीटरपेक्षा खोल उतरला. वर पळताना हे सगळं पोकळ आपल्या बुटांखाली आहे याची जाणीव ठेवा. वाटेच्या कडेला उघडी तोंडं असलेली विवरं आहेत, इथे त्यांना 'सियाले' म्हणतात. लघवीला आडोसा शोधायचा तरी पाय टाकण्याआधी बघून टाका.

आता वाटा.

पहिली आणि माझी सगळ्यात लाडकी: ग्रेस-आँ-वेर्कोर गावातून ग्राँ व्हेमों. २,३४१ मीटर, वेर्कोरचं सर्वोच्च शिखर. गाव १,२०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे चढ अकराशे मीटरहून अधिकच. आधी जंगल, मग उघड्या उतारावरून वळणं घेत 'पा द ला व्हिल' खिंडीपर्यंत ('पा' म्हणजे खिंड). इथपर्यंत पळायचा हट्ट धरू नका, पोल्स (चढायच्या काठ्या) असतील तर काढा आणि लांब ढांगा टाकत चढा. खिंडीत पोचलात की कड्याच्या पूर्वेकडून वर येणारा वारा अंगावर आदळतो आणि तिथून धारेवरची वाट दक्षिणेला शिखराकडे जाते. उजवीकडे पठार संथपणे उतरत गेलेलं, डावीकडे काही नाही, सरळ कडा.

या धारेवर आयबेक्स, म्हणजे मोठ्या शिंगांचे रानबोकड, दिसतात. मागच्या जूनमध्ये सकाळी सातच्या सुमारास एक म्हातारा नर वाटेतच बसलेला होता. माझ्यात आणि त्याच्यात दहा पावलांचं अंतर. शिंगांवरच्या गाठी मोजता येतील इतका स्वच्छ उजेड, आणि तो निवांत रवंथ करतोय. मी घड्याळ थांबवलं, वाट सोडून त्याला वळसा घालून गेले. त्याने मान वळवून पाहिलं, एवढंच. ही जनावरं इथून पार संपली होती, १९८९ पासून पुन्हा आणून सोडली. त्यामुळे त्याच्या मालकीच्या वाटेवरून आपण बाजूला व्हावं हे मला साहजिक वाटतं.

शिखरावरून दक्षिणेला उतरताना समोर मों एग्वीय उभा असतो, चारी बाजूंनी तुटलेला, वर गवताळ सपाटी असलेला चुनखडीचा बुरूज. १४९२ साली राजा आठव्या शार्लच्या हुकमावरून आंत्वान द व्हिल शिड्या आणि दोर लावून त्यावर चढला होता. बघायचं असेल तर थांबून बघा, कारण हा उतार पळताना नजर उचलू देत नाही. 'पा दे शातों' खिंडीपर्यंत सुटे दगड, आणि खिंडीतून पूर्वेला उतरताना घसारा. टाचा रुतवून, गुडघे सैल ठेवून, छोटी छोटी पावलं. घसाऱ्यावर मागे रेलाल तर बसकण मारालच. गावात परत येईपर्यंत वाटेत पाण्याचा भरवसा धरू नका. ज्याचे पाय डोंगरात तयार झालेत त्याने ही फेरी करायलाच हवी. माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.

दुसरी वाट सोपी. कोराँसोंहून दक्षिणेला जंगलातून दारबूनूझच्या गवताळ माळापर्यंत आणि परत. चढउतार बेताचे, सावली भरपूर. ज्यांना ट्रेलची सवय नाही त्यांना मी इथूनच सुरुवात करायला सांगते. फक्त पाऊस पडून गेल्यावर जपा. ओली चुनखडी, त्यातही हजारो पायांनी घासून गुळगुळीत झालेली, साबणासारखी होते. झाडांच्या मुळांवर आणि असल्या दगडांवर पाय तिरका टाकू नका, सपाट टाका. बुटाचा रबर मऊ आणि चिकट असेल तर फरक लगेच कळतो. खोल खाचांचा पण कडक तळ असलेला बूट चिखलात चालतो, इथे नाही. मी एक जोडी त्यापायी बदलली.

तिसऱ्या वाटेबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तिथे मी चुकले. कोराँसोंहूनच जीआर ९१ या लाल-पांढऱ्या खुणांच्या वाटेने पठाराच्या पोटात दक्षिणेकडे जायचं. जितकं दक्षिणेला जाल तितकी झाडं विरळ होतात आणि 'लापियाझ' सुरू होतो. पाण्याने कोरलेली उघडी चुनखडी, करवतीच्या दात्यांसारख्या धारा, मध्ये हात जाईल एवढ्या खाचा, आणि त्या खाचांच्या तळाशी सावलीत नेचे उगवलेले. बघायला इतकं देखणं की मी पहिल्यांदा गुडघे टेकून बघत बसले होते. पळायला अवघड. पाय खाचेत अडकला तर घोटा मोडेल, म्हणून खुणांची वाट सोडू नका. मी एका ॲपवरून जीपीएक्स (वाटेच्या आखणीची फाईल) उतरवून घेतला होता, तो बरोबर यातूनच सरळ रेघ मारून गेला होता. ज्याने ती रेघ आखली त्याने तिथे पाऊल टाकलं असेल असं मला वाटत नाही.

त्याच ट्रॅकवर झऱ्याचं चिन्ह होतं. ऑगस्टचा मध्य, डोक्यावर ऊन, माझ्याजवळ एकूण एक लीटर आणि तो अकराव्या किलोमीटरला संपलेला. झरा सापडला. लाकडी डोणीच्या टोकाला नळी, आणि नळीतून थेंब. धार नाही, थेंब. अर्ध्या लिटरचा सॉफ्ट फ्लास्क (मऊ, दुमडणारी बाटली) नळीखाली धरून बसले, तो भरायला सतरा मिनिटं लागली. डोणीतलं पाणी मेंढ्यांचं होतं, ते मी प्यायले नाही. दुसरा फ्लास्क भरायला बसले असते तर उजेडाचं गणित बिघडलं असतं, म्हणून तिथूनच मागे फिरले. परतीचे शेवटचे पाच किलोमीटर चालत, जीभ टाळूला चिकटलेली. त्यानंतर या वाटेला मी अडीच लीटर घेते, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घेते, आणि निघायच्या आधी झऱ्यांची स्थिती विचारून घेते.

त्या दिवशी परतताना कळपही आडवा आला. पठारावरच्या कळपांबरोबर 'पातू' असतात, पांढरे, दांडगे राखणदार कुत्रे. लांडग्यांपासून मेंढ्या राखणं हे त्यांचं काम, आणि धावत येणारा माणूस त्यांना धोकाच वाटतो. दोन पातू भुंकत माझ्याकडे आले. मी पळणं थांबवलं, पोल्स खाली केले आणि सावकाश मराठीतच बोलत राहिले, 'जाते रे बाबांनो, जाते.' एकाने जवळ येऊन माझ्या हाताचा वास घेतला. वरून मेंढपाळ बाई ओरडून म्हणाल्या, "मादाम, चालत जा, लांबून जा!" मी कळपाला मोठा वळसा घातला, त्यात वीस मिनिटं गेली. वेळेसाठी पळणाऱ्यांनी हे आधीच धरून चाला. कळपाच्या मधून वाट जाते म्हणून मधूनच जायचं, असं इथे चालत नाही.

मों एग्वीयच्या पायथ्याच्या रिशार्दिएर वाडीतून 'पा द लेग्वीय' खिंडीपर्यंतची वाट मी या यादीत धरलेली नाही, ती चढायची वाट आहे. पण वर जाऊन या. जुलै १९४४ मध्ये जर्मन फौजेने घेरलेले फ्रेंच प्रतिकार चळवळीतले लोक तिथल्या गुहेत लढले होते. स्मारक आहे, कबरी आहेत. मी तिथे घड्याळ बंद करते आणि थोडा वेळ बसते.

कधी जावं? जूनच्या सुरुवातीलासुद्धा खोलगट भागांत बर्फ साचलेला असतो. मला सप्टेंबर आवडतो: ऊन सौम्य, गर्दी नाही. मात्र धुकं उतरलं तर पठारावर दहा मीटरपलीकडचं काही दिसत नाही आणि सगळे खळगे सारखेच वाटतात, म्हणून फोनवर विसंबू नका, कागदी नकाशा आणि होकायंत्र पिशवीत असू द्या.